लायसन्स कुणाच्या नावावर आहे?

इलेक्ट्रिक, प्लंबिंग, गॅस फिटिंगची कामं घेणाऱ्यांचे हिशेब मी बघतो. ‘धंदा विकायचाय, किती येतील?’ हे त्यांच्यातला कुणी ना कुणी विचारतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. आकड्याच्या आधी मी विचारतो, लायसन्स कुणाच्या नावावर आहे?

बहुतेकदा ते मालकाच्याच नावावर असतं. फर्मच्या नावावर असलं तरी पात्र व्यक्ती म्हणून, म्हणजे ज्याच्या परीक्षेवर आणि अनुभवावर ते मिळतं तो माणूस म्हणून, कागदावर मालकच. गाडी, हत्यारं, माल, फर्मचं नाव, सगळं विकता येतं. लायसन्स सहसा मालकाबरोबर घरी जातं. मग सौद्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर सही कोण करणार? घेणाऱ्याकडे लायसन्स असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर तुमच्याकडच्या एखाद्या मुरलेल्या माणसाला परीक्षेला बसवा, तेही विकायच्या दोनेक वर्षं आधी. अनुभवाचे दाखले गोळा करण्यातच बराच वेळ जातो. पास झाला की पगार वाढवा, नाहीतर तो स्वतःचं दुकान थाटेल आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

हिशेब तीन वर्षांचे तरी मागतात. तुम्ही स्वतः पगार घेत नसाल, तर ज्याला नफा म्हणता त्यात तुमची मजुरी मिसळलेली आहे. घेणारा तेवढा पगार वजा करणारच. घरची गाडी धंद्यात दाखवली असेल तर तो खर्च नफ्यात पुन्हा जोडून दाखवता येतो, पण पावत्या हव्यात. बिनबिलाच्या कामांची मात्र किंमत मागू नका. ती कमाई तुम्ही तेव्हाच खाल्लीत.

गिऱ्हाइकांची यादी मागितली की मालक खिशातून मोबाइल काढतात. त्यात ‘तिसरा मजला गळती’, ‘गेटवाले काका’ असली नावं. हे दुसऱ्याच्या हाती देऊन काय उपयोग? नाव, पत्ता, काय बसवलं, कधी, वॉरंटी कधीपर्यंत, हे वहीत किंवा कॉम्प्युटरवर उतरवायला आजच बसा. देखभालीचे वार्षिक करार असतील तर मालक बदलल्यावर ते चालू राहतात का, ते कलम वाचून घ्या. मला विचाराल तर नव्या गाडीपेक्षा असे करार जास्त भाव आणतात.

राहिली अर्धवट कामं. ॲडव्हान्स तुम्ही घेतलेला, काम नवा मालक पुरं करणार, आणि गिऱ्हाइकाने अडकवून ठेवलेली शेवटची रक्कम कुणाची? प्रत्येक कामासमोर हे लिहा आणि वकिलाकडून करारात घालून घ्या.