कुठल्याही मशिनवर आपलंच टेबल

आमच्या गिरगावातल्या अक्षरजुळणीच्या ऑफिसात येणारे स्नेही हमखास एक प्रश्न विचारतात. इथे कोणीही कुठल्याही मशिनवर बसतं, पासवर्ड टाकतं आणि समोर त्याचाच डेस्कटॉप उघडतो. त्याच्या फायली, त्याचा कीबोर्ड, त्याला वाचता येईल एवढा फॉन्ट. मशिनं तर जुनीच. "आम्हीही असं करून पाहिलं, पण सगळं इतकं रखडायला लागलं की नाद सोडला. तुमच्याकडे कसं चालतं?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

युक्ती मुळीच नवी नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम, आणलं. डिस्क दुसऱ्या मशिनमध्ये असली तरी प्रोग्रामला ती आपल्याच पोटातली वाटावी, हा त्याचा हेतू. आमच्या आतल्या खोलीत डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर चालणारा एक सर्व्हर आहे, त्यावर सगळ्यांच्या होम डिरेक्टरी, म्हणजे ज्याच्या त्याच्या फायली आणि सेटिंग्जची फोल्डरं. बाहेरच्या मशिनांवरही डेबियनच, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. लॉगिन केलं की ते होम नेटवर्कवरून माउंट होतं, म्हणजे समोरच्या मशिनला जोडलं जातं.

रखडलं की लोक आधी नेटवर्कचा स्विच बदलतात किंवा खिडक्यांच्या सावल्या आणि इफेक्ट बंद करतात. इफेक्ट जरूर बंद करा, जुन्या ग्राफिक्सवरचा भार कमी होतो. पण बहुतेक वेळा डेस्कटॉप कामात नसतोच, तो वाट बघत असतो. मशीन अडलं की 'टॉप' ही चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी आज्ञा लावून बघा. प्रोसेसर मोकळा बसलेला असतो, लोड, म्हणजे खोळंबलेल्या कामांचा आकडा, मात्र चढलेला, आणि ब्राउझरच्या ओळीत स्थितीच्या रकान्यात 'डी' हे अक्षर. म्हणजे तो डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलाय, आणि आमच्या बाबतीत ती डिस्क आतल्या खोलीत आहे.

एवढं मागतंय कोण? होममध्ये '.कॅश' नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं. ब्राउझर उघडलेल्या पानांची चित्रं तिथे टाकतो, फाइल मॅनेजर प्रत्येक फोटोची छोटी प्रत तिथेच ठेवतो. बघता बघता हजारो बारीक फायली होतात. एकच मोठी फाइल नेटवर्कवरून सुसाट येते. बारीक फायलींचं तसं नाही, प्रत्येकीला उघड, तपास, लिही, बंद कर अशा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला उत्तराची वाट. बरं, हा सगळा ऐवज उद्या पुसला गेला तरी कोणाचं काही अडत नाही. मग तो सर्व्हरवर न्यायचाच कशाला? लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये 'एक्सडीजी कॅश होम' हे व्हेरिएबल, म्हणजे कॅश कुठे ठेवायची ते प्रोग्रामना सांगणारं सेटिंग, त्या मशिनच्या स्वतःच्या डिस्ककडे वळवायचं आणि तिथे प्रत्येकाला फक्त त्यालाच उघडेल असं फोल्डर द्यायचं. अर्धं रखडणं इथेच संपतं. माणसाचं ते सर्व्हरवर, मशिनचं ते मशिनवर, ही वाटणी एकदा नीट केली की जुनं मशीनही झटकन उठतं.

ब्राउझरचं प्रोफाइलही आम्ही मशिनवरच ठेवतो. त्यातला इतिहास आणि बुकमार्क एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसात असतात, आणि नेटवर्कवरच्या फायलींच्या लॉकिंगवर (दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून लावायच्या कुलपावर) विसंबू नका, असं एसक्यूलाइट बनवणारेच सांगतात. त्यामुळे बुकमार्क प्रत्येक मशिनवर वेगळे राहतात. ती गैरसोय मला मान्य आहे, बिघडलेला डेटाबेस नाही.

वेग राहू द्या, त्याआधी एक गोष्ट तपासा. साध्या एनएफएसमध्ये सर्व्हर माणसाला नावाने ओळखत नाही, त्याच्या आकड्याने ओळखतो. डेबियनवर पहिल्या वापरकर्त्याला १००० हा आकडा मिळतो. आता एका मशिनवर पहिलं खातं मुद्रितशोधकाचं उघडलं आणि दुसऱ्यावर हिशेबनिसाचं, तर सर्व्हरच्या लेखी दोघं एकच, आणि एकाच्या फायली दुसऱ्याला बिनदिक्कत उघडतात. सगळ्या मशिनांवर एका माणसाला एकच आकडा हवा. कुठलं फोल्डर कोणत्या मशिनला द्यायचं ते सर्व्हरला सांगणारी 'एक्सपोर्ट्स' फाइल लिहितानाही डोळ्यांत तेल घाला. मशिनचं नाव आणि पुढचा कंसातला 'आरडब्ल्यू' (वाचा-लिहायची परवानगी) यांच्यामध्ये चुकून मोकळी जागा पडली, तर सर्व्हरपर्यंत पोचणाऱ्या कोणालाही लिहिण्याची मुभा मिळते.

माउंट 'हार्ड'च ठेवा, म्हणजे सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबणारं. सर्व्हर गेला की सगळं थिजतं म्हणून लोक 'सॉफ्ट' करतात, पण मग ठरावीक वेळाने प्रोग्रामला चूक कळवली जाते आणि फाइल अर्धवट लिहिलेली राहू शकते. 'हार्ड'मध्ये थिजलेलं पान सर्व्हर परतला की पुढे चालू होतं.

आणि आता खास आपल्या मराठी माणसांचं दुखणं. 'दुसऱ्या आवृत्तीचे मुखपृष्ठ' नावाची फाइल चित्रकाराच्या जुन्या मॅकवरून आरसिंक या फायली पाठवणाऱ्या प्रोग्रामने सर्व्हरवर येते. त्या नावाची फाइल आधीच तिथे आहे, तरी जुनी पुसून नवी बसत नाही. फोल्डरात दोन फायली दिसतात, नावं हुबेहूब सारखी. गोम 'ऱ्या'मध्ये आहे. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध, ३ बाइटचा, किंवा साधा 'र' आणि पुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब), मिळून ६ बाइट. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइलसिस्टिम नावं अशी सुटी करून ठेवते. लिनक्स नावाकडे निव्वळ बाइट म्हणून बघतो, त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं. छपाईला कुठली गेली हे डोळ्यांना कळणारच नाही, आणि पुस्तकाच्या कामात याहून वाईट काय असणार? म्हणून बाहेरून आलेली कुठलीही फाइल आमच्याकडे आधी 'आवक' फोल्डरात उतरते. तिथे 'कन्व्हएमव्ही' हा फायलींची नावं बदलणारा प्रोग्राम चालवून सगळे 'ऱ' एकसंध करतो, आणि मगच ती पुस्तकाच्या फोल्डरात जाते. नाव लांबलचक असेल तर तेही तिथेच छाटतो, कारण लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीत एक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत नाव बसवावं लागतं.