अकिलीसची टाच आणि माझी

प्रवासात नवे बूट घालू नयेत हे ठाऊक असूनही ग्रीसच्या कॉर्फू बेटावर मी ते घातले, आणि गास्तुरी गावाच्या चढावर टाचेला आलेला फोड फुटला. त्यामुळे अकिलिऑन राजवाड्याच्या बागेत मी लंगडतच शिरले. जहाजांतून उतरलेले पर्यटकांचे जथे तेथे आधीच पोहोचले होते आणि प्रत्येक गाइड शेजारच्यापेक्षा वरच्या पट्टीत तीच कथा सांगत होता: अंग अभेद्य व्हावे म्हणून थेटिस या आईने ग्रीक वीर अकिलीसला तान्हेपणी स्टिक्स नदीत बुडवले, पण ज्या टाचेला धरले होते तेवढी कोरडी, म्हणून कच्ची राहिली. खरे तर होमरच्या इलियड या महाकाव्यात ही गोष्ट नाहीच. ते काव्य अकिलीसने मारलेल्या हेक्टरच्या अंत्यविधीपाशी संपते आणि नदीतली बुडी पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे सापडते. गांधारीच्या नजरेने दुर्योधनाचे अंग वज्राचे झाले, मांडी तेवढी राहिली, ही आपली कथाही व्यासांच्या महाभारतात नाही, हे आठवून मला बरे वाटले.

गर्दी पांगली तेव्हा मी त्या पुतळ्यापुढे बसले. अर्न्स्ट हेर्टर या शिल्पकाराने 1884 मध्ये घडवलेला हा मरणासन्न अकिलीस डोक्यावर शिरस्त्राण तसेच ठेवून अर्धवट आडवा झाला आहे, आणि त्याचा हात टाचेत रुतलेल्या बाणाकडे गेला आहे. एवढे पीळदार शरीर, पण सगळे लक्ष त्या चार बोटांच्या जागेवर. मी माझ्या टाचेवर रुमाल बांधत होते, म्हणून असेल कदाचित, पण मला तो फार जवळचा वाटला.

त्याच बागेत दुसरा, अजस्र आणि विजयी अकिलीस भाला-ढाल घेऊन उभा आहे. 1907 मध्ये राजवाडा विकत घेणाऱ्या जर्मन कैसर दुसऱ्या विल्हेल्मने तो बसवला. जन्मतः अधू राहिलेला डावा हात छायाचित्रांत झाकून घेणाऱ्या आणि लिहायच्या मेजापाशीही घोड्याच्या खोगिरावर बसणाऱ्या (ते खोगीर आत मांडून ठेवले आहे) या सम्राटाला असाच पुतळा हवा असणार. मला तो निव्वळ कंटाळवाणा वाटला. लोकही त्याच्यापुढे एक फोटो काढून पुढे सरकत होते.

भाषेनेही हीच निवड केली आहे. अचाट कामाला आपल्याला हर्क्युलस लागत नाही, भीमपराक्रम आणि भगीरथ प्रयत्न घरचेच आहेत. पण बलाढ्याच्या एकुलत्या एका कच्च्या जागेला ‘दुर्योधनाची मांडी’ म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. तेथे मर्मस्थान, दुखरी नस असे शब्द असूनही वर्तमानपत्रे अकिलीसची टाचच उसनी आणतात.

राजवाडा मुळात बांधला तो ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने. 1889 मध्ये तिचा मुलगा रुडॉल्फ गेला आणि त्यानंतरच्या काळात हे घर उभे राहिले. पडलेला अकिलीस आणला तो तिनेच. 1898 मध्ये जिनिव्हात एका माणसाने तिच्या छातीत अणकुचीदार कानस खुपसली. जखम इतकी बारीक आणि छाती-कमर आवळणारा कॉर्सेट इतका घट्ट, की तिला काय झाले हे न कळताच ती चालत बोटीवर चढली आणि तेथे कोसळली. हे आठवल्यावर मला उठून चालू लागायला थोडा वेळ लागला.

कॉर्फूतले पुढचे तीन दिवस समुद्रात आणि सावलीत गेले. लिहिण्यासारखे काही घडले नाही. त्या दुपारी मात्र उतारावरच्या खानावळीत ताईने “तुला तीनदा सांगितलं होतं” असे चौथ्यांदा सुनावले. मालकीणबाईंनी माझा पाय पाहिला, “अहीलिओस प्तेर्ना!” (अकिलीसची टाच!) म्हणून खळखळून हसल्या आणि आतून चिकटपट्टी घेऊन आल्या. पैसे त्यांनी फक्त कॉफीचे घेतले. बूट मी पिशवीत कोंबले आणि ताईच्या सपाता घालून बसथांब्यापर्यंत गेले. ताई त्या उन्हात मोज्यांवर चालली आणि वाटेत एक शब्द बोलली नाही.