शुमशू: शरणागतीनंतरची लढाई

जपानचं होक्काइदो आणि रशियाचं कामचाट्का यांच्यामधल्या कुरील बेटांचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, "सम्राटाने १५ ऑगस्ट १९४५ ला रेडिओवरून शरणागती सांगितली, मग १८ तारखेला त्यातल्या शुमशू बेटावरचे जपानी सैनिक लढले कशाला? डोकं फिरलं होतं का त्यांचं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ते लढायला गेले नव्हते, लढाईच त्यांच्या दारात आली. शुमशूच्या समोर सोव्हिएत कामचाट्काचं लोपात्का टोक, मध्ये जेमतेम अकरा-बारा किलोमीटरचं पाणी. इथे आणि शेजारच्या परामुशीरवर लेफ्टनंट जनरल त्सुत्सुमी फुसाकी यांची ९१ वी डिव्हिजन होती. तिची सारी तयारी अमेरिकेविरुद्ध. मे १९४३ मध्ये अलास्काकडच्या अत्तू बेटावरची जपानी तुकडी अमेरिकनांशी लढताना जवळपास सगळी मारली गेली, तेव्हापासून पुढचा घाला इथेच पडणार असं धरलं होतं. अमेरिकेची विमानं येत राहिली, सैन्य आलंच नाही.

१८ च्या पहाटे धुक्यात सोव्हिएत सैनिक शुमशूच्या उत्तर किनाऱ्यावर उतरले. वरून आलेले हुकूम लढाई थांबवण्याचे होते, पण स्वसंरक्षणाला मुभा होती. युद्ध संपलं म्हणून घरी जायची स्वप्नं पाहणारी माणसं पुन्हा खंदकात गेली. कर्नल इकेदा सुएओ ११ वी रणगाडा रेजिमेंट घेऊन त्या धुक्यात घुसले आणि मारले गेले. खुद्द सोव्हिएत आकड्यांप्रमाणे त्यांचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांवर होते, जपान्यांपेक्षा जास्त. शस्त्रं खाली ठेवायला २३ तारीख उजाडली.

बेटावर मासळीच्या डबाबंद कारखान्यात काम करणाऱ्या शेकडो बायकाही होत्या. त्यांना मच्छीमार बोटींतून होक्काइदोकडे रवाना केलं गेलं. त्या लढाईतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

जपानी लष्कराने आशियात जे केलं त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण शुमशूवरच्या मृत्यूंचा दोष तिथल्या सैनिकांना देणं मला पटत नाही. कुरील बेटं स्टालिनला फेब्रुवारी १९४५ मध्ये मित्रराष्ट्रांच्या याल्टा परिषदेत कबूल झालीच होती. सोव्हिएत सैन्य काही दिवस थांबलं असतं तर दोन्हीकडची पोरं वाचली असती, असं मला ठामपणे वाटतं. उलट शस्त्रं ठेवलेल्या जपानी सैनिकांना घरी न धाडता सोव्हिएत मजूर-छावण्यांत नेलं, आणि कित्येक जण तिथेच मेले.