कलोडन शोधायला निघाले, डंडीला पोचले

सासरचं आडनाव फ्रेझर. लग्न होऊन एडिंबराला आले तेव्हापासून ऐकत होते, 'आमचे पूर्वज कलोडनला लढले.' पुरावा काय, तर दिवाणखान्यातलं फ्रेझरांचं टार्टन, म्हणजे घराण्याचं चौकड्यांचं कापड. सासरे गेल्यावर सासूबाईंनी शॉर्टब्रेडचा जुना डबा माझ्यापुढे ठेवला. कागद, फोटो, एक दाखला. माहेरच्या सातबाराच्या भांडणापायी जुने फेरफार वाचायची मला सवय आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

आधी आम्ही कलोडनलाच गेलो. इन्व्हर्नेसजवळचं ओकंबोकं माळरान. १६ एप्रिल १७४६ रोजी तासाभराच्या आत इथे जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्यांचा, खेळ संपला. फ्रेझरांच्या नावाच्या थडग्याच्या दगडापाशी फुलं पडलेली. सासूबाईंचे डोळे भरून आले. हे दगड बसवले १८८१ मध्ये, म्हणजे लढाईनंतर १३५ वर्षांनी, हे मी त्या दिवशी त्यांना सांगितलं नाही.

मग खरं काम सुरू झालं. स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची आहे. 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधायला पैसे पडत नाहीत. मूळ नोंद उघडायला मी दर वेळी दीड पौंड मोजला. जन्माची नोंद १०० वर्षं, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षं जुनी झाल्याशिवाय घरबसल्या दिसत नाही. त्याहून नव्या नोंदींसाठी प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला जनरल रजिस्टर हाउसमध्ये दिवसाचे पैसे भरून बसावं लागतं. रॉबर्ट ॲडमनं आखलेली अठराव्या शतकातली घुमटाची इमारत. आमच्या तलाठी कार्यालयाची आठवण काढून मी उगाच हसले.

रीत सोपी: आपल्यापासून एकेक पिढी मागे जायचं, मधल्या पिढ्या गाळून उडी मारायची नाही. मी नेमकी उडी मारली. खापरपणजोबा जॉन फ्रेझर मला दोन सापडले, एक इन्व्हर्नेसचा, एक डंडी शहरातला. मी इन्व्हर्नेसचा धरला, कारण मला तोच हवा होता. दोन महिने आणि चाळीसेक पौंड त्या परक्या माणसाच्या मागे गेले. शेवटी मृत्यूच्या नोंदीनं सोडवलं. तिथे मृताच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. ते आडनाव डंडीच्या जॉनशी जुळलं. (इथल्या दप्तरात बाईचं माहेरचं नाव मरेपर्यंत टिकतं. आमच्या वंशावळीत माझ्या पणजीचं नावच नाही.)

सुदैवानं तो जॉन १८५५ चाच. त्या एका वर्षाच्या जन्मनोंदी फार तपशिलाच्या आहेत: आईवडिलांचं वय, जन्मगाव, आधीची मुलं. एवढं लिहिणं कारकुनांना झेपेना, पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. जॉनचा बाप फाइफ परगण्यात जन्मलेला हातमागवाला. त्यामागे चर्चच्या वह्यांत माग लागला तो १७८० च्या दशकापर्यंत, मग वाट बुजली. १७८३ पासून ११ वर्षं प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता. तो चुकवायला पुष्कळांनी नोंदच केली नाही. आमच्या माणसाचं तेच झालं असावं.

म्हणजे कलोडनशी नातं नाहीच? नाही म्हणवत नाही, हो म्हणायला कागद नाही. जमीनदाराचं आडनाव त्याच्या जमिनीवरची माणसंही लावत. क्लॅन म्हणजे कूळ खरंच, पण त्यात खंड भरणारं कूळही आलं!

डब्यातला दाखला मात्र भलतीकडे घेऊन गेला. तो सासऱ्यांच्या आजीच्या लग्नाचा, १९०९ चा, डंडीचा. व्यवसाय: जूट स्पिनर, म्हणजे तागाचं सूत कातणारी. १९११ च्या जनगणनेतही तेच, आणि शेजारी तिच्या आईचं जन्मस्थान, नुसतं 'आयर्लंड'. गाव नाही, परगणा नाही. ताग बंगालचा, हात आयरिश बायकांचे. डंडीच्या लॉकी भागातल्या कॉक्स बंधूंच्या ताग गिरणीचं २८२ फुटी धुराडं अजून उभं आहे. गिरण्यांत बायकांना कमी पगारात घेत, म्हणून नवरे घरी. त्यांना गावात 'केटल बॉयलर', म्हणजे चहाचं आधण ठेवणारे, म्हणत.

सासूबाईंना घेऊन व्हर्डंट वर्क्सला गेले. जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे. ताग मऊ करायला व्हेलचं तेल वापरत, तो वास फार भयंकर असे म्हणतात. मला मात्र वाण्याच्या दुकानातल्या बारदानाचाच वास आला. यंत्र सुरू केलं आणि बोलणंच बुडालं. सांगणारा म्हणाला, ही तर थोडीच यंत्रं. शेडभर चालली की बायका ओठ वाचून आणि खुणांनी बोलत. पुष्कळजणी बहिऱ्या होत.

सासूबाई गप्प झाल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, 'मी नवी सून होते तेव्हा ती म्हातारी माझ्याशी ओरडूनच बोलायची, आणि सारखी तोंडाकडे बघत राहायची. मला वाटायचं, मी तिला पसंत नाही.'