मशीन त्याची, जागा कोणाची?

हिंगणघाट रोडवरच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) लावलेली चहा-कॉफीची जुनी मशीन जागेसकट विकायला आहे. विकणारा म्हणे, "भाऊ, रोजचे २०० कप कुठी गेले नाही." काल सांजच्याला मशीनवरच्या कप मोजायच्या काउंटरचा आकडा मोबाईलमध्ये टिपून ठेवला. आज त्याच टायमाला पाहतो तं ४६ कप! अन् हे भर कापसाच्या सीझनमध्ये. झाकण उघडलं, तं दूधपावडरची ढेकळं झालेली, नळीत पिवळा थर.

खरी गोम पुढंच. जिनिंगचे शेठजी म्हणाले, "मशीन त्याची, जागा माझी. लाइटबिल कोण भरते, विचारलं का?" नव्हतं विचारलं, खोटं काहाले बोलू! उन्हाळ्यात कापसाच्या गाड्या बंद झाल्यावर चहा पिणार कोण, हेही नाही. शेठजीसोबत ११ महिन्यांचा करार आधी, पैसे मंग, असं सांगून निघालो. चहा समोरच्या टपरीवर पेलो.