महापौर कोण चांगला? तुम्ही विचारलंत म्हणून

निवडणुकीची हवा सुरू झाली की सोसायटीच्या जिन्यात, मंडईत, लग्नाच्या पंगतीत माझ्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही महापालिकेचं बघता ना? मग सांगा, महापौर म्हणून कोण चांगला? माणूस कुठला, आधी काय करत होता, आल्यावर काय करणार?" मी महापालिकेत कधी नोकरीला नव्हते, कुठल्या पक्षातही नाही. अंदाजपत्रकाची जाडजूड पुस्तकं वाचायची आणि मुख्य सभेच्या, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेच्या, कार्यपत्रिका (विषयांच्या याद्या) चाळायची सवय आहे, एवढंच. पण उभ्या उभ्या सांगून हे उत्तर संपत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच सांगते, महाराष्ट्रातल्या महानगरपालिकेत महापौरपदाचा उमेदवार मतदारासमोर येतच नाही. आपण नगरसेवक निवडतो. नगरसेवक आपल्यातल्या एकाला किंवा एकीला महापौर करतात, तेही अडीच वर्षांसाठी. पद कुठल्या प्रवर्गासाठी राखीव, हे चिठ्ठ्यांच्या सोडतीत ठरतं. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले, आणि महापौरपदाची सोडत निघाली ती त्यानंतर. मत देताना आपल्या शहराच्या प्रथम नागरिकाचं नाव तर सोडाच, ती जागा महिलेची की खुली हेही कुणाला माहीत नव्हतं. आरक्षण हवंच. ते नसतं तर कितीतरी कर्तबगार बायकांना त्या खुर्चीच्या जवळपासही कुणी फिरकू दिलं नसतं. माझं भांडण आहे ते वेळेशी. सोडत निवडणुकीच्या आधी निघाली, तर पक्षांना आपला उमेदवार आधी सांगता येईल, आणि तुम्ही मला विचारता तो प्रश्न थेट त्यालाच विचारता येईल.

दुसरी अडचण अधिकारांची. शहर चालवतो आयुक्त. तो बहुधा आयएएस अधिकारी असतो आणि त्याला राज्य सरकार नेमतं. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने कारभार आयुक्ताच्या हाती दिला आणि सभेकडे देखरेख ठेवली. बाकीच्या महापालिकांचा १९४९ चा कायदाही त्याच साच्यातला. निविदा आणि ठेके स्थायी समितीकडून, म्हणजे मोजक्या नगरसेवकांच्या समितीकडून, मंजूर होतात. महापौर सभेचं अध्यक्षपद भूषवतो, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतो, शहरातर्फे पाहुण्यांचं स्वागत करतो. एखादा खड्डा बुजवायचा आदेशही त्याला स्वतःच्या सहीने काढता येत नाही.

म्हणून जाहीरनाम्यात मेट्रो, रिंगरोड, उड्डाणपूल वाचले की मी आधी बघते, हे काम नेमकं कुणाचं? पुण्यातली मेट्रो महामेट्रोची, म्हणजे केंद्र आणि राज्याच्या कंपनीची. रिंगरोड पीएमआरडीए हे पुणे प्रदेशाचं विकास प्राधिकरण आणि एमएसआरडीसी हे राज्याचं रस्ते महामंडळ यांचा. मुंबईत एमएमआरडीए हे तसंच विकास प्राधिकरण आहे. यातलं काहीच महापौराच्या टेबलावरून हलत नाही. पैशांचंही तसंच. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही गेला, आणि २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईपोटी राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे महापालिका डोळे लावून असतात. हाताशी उरतो तो मिळकतकर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क. करमाफीचं आश्वासन देणाऱ्याने कुठल्या खर्चाला कात्री लावणार हेही त्याच दमात सांगायला हवं. सांगत नसेल, तर ते आश्वासन हिशेबात धरू नका.

मग प्राधान्यक्रम कळणार कुठे? अंदाजपत्रकात. पुणे महापालिकेच्या आयुक्तांनी २०२५-२६ साठी मांडलेलं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं, मुंबईचं त्याच वर्षीचं ७४,४२७ कोटींचं. आकड्यांनी दडपून जाऊ नका. पुस्तक उघडलं की विभागवार पानं लागतात: पथ, पाणीपुरवठा, मलनिःसारण, आरोग्य, उद्यान, शिक्षण. एकेका ओळीत कामाचं नाव, मागच्या वर्षीची तरतूद, झालेला खर्च आणि यंदाची तरतूद. मी सगळ्यात आधी बघते ते मागची तरतूद आणि झालेला खर्च, या दोन रकान्यांमधलं अंतर. शाळेच्या दुरुस्तीला पैसे ठेवले आणि वर्षअखेर ते तसेच पडून राहिले, तर शाळा कुणाच्याच यादीत वर नव्हती. भाषणं काही म्हणोत.

आणि वर्षाच्या मध्ये काय होतं तेही पाहावं लागतं. पालिकेत त्याला वर्गीकरण म्हणतात: एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवायचा. कधी ते रास्त असतं. एखादी जागा कोर्टात अडकते, पैसा नुसता ठेवून काय करायचं? पण मोठ्या जलवाहिनीसाठी राखलेली रक्कम तुकड्यातुकड्यांनी प्रभागांतल्या किरकोळ कामांकडे वळली, की शहराला पाणी मिळायचं ते आणखी लांबतं. कुठल्याही चौकात उभं राहून बघा. तीन-चार बाक, प्रत्येकाच्या पाठीवर 'अमुक यांच्या विकासनिधीतून', शेजारी नावाची कमान, खाली दोन वर्षांपूर्वी बसवलेले आणि आता पुन्हा उखडून ठेवलेले पेव्हर ब्लॉक. बाक वाईट नाहीत. दमलेल्या माणसाला टेकायला जागा हवीच. पण त्याच प्रभागातल्या पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी असेल, तर तो बाक मला बघवत नाही.

उमेदवाराची पार्श्वभूमी म्हणजे काय, हे समजावताना मला नेहमी जोतीराव फुले आठवतात. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांचं हे काम आपल्याकडे फारच कमी सांगितलं जातं. तोवर मुलींची शाळा, सत्यशोधक समाज हे सगळं उभं राहिलेलं होतं. शिवाय ते बांधकामाची कंत्राटं घेत, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध आला होता. मजुराच्या हातात किती पडतात आणि मधल्यामध्ये किती झिरपतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. व्हाइसरॉय लिटनच्या पुणेभेटीच्या वेळी शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा विषय आला तेव्हा, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणून सबंध सभेत एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिलं. मंडईच्या भव्य इमारतीवर लाखो रुपये घालण्यालाही त्यांचा विरोध होता, कारण शाळांना पैसा मिळत नव्हता. ती मंडई झाली, उत्तम झाली, आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि मी तिथूनच भाजी आणते. तरीही त्या दिवशीचं त्यांचं मत मला बरोबर वाटतं. कुठल्या खर्चाआधी कुठला खर्च, याचं उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं, ते त्यांच्या आयुष्यातून आलेलं होतं, आणि सगळी सभा दुसऱ्या बाजूला असताना ते त्यांनी मतात उतरवलं.

शपथपत्रातून अशी पार्श्वभूमी कळत नाही. शपथपत्र जरूर वाचा. मालमत्ता, कर्ज, दाखल गुन्हे सगळं त्यात असतं. पण जो आधी नगरसेवक होता, त्याचं खरं प्रगतिपुस्तक सभेचं दप्तर सांभाळणाऱ्या नगरसचिव कार्यालयात पडलेलं असतं. सभेला हजर किती वेळा? लेखी प्रश्न कोणते विचारले? कुठल्या विषयाला उपसूचना, म्हणजे मूळ ठरावात बदल सुचवणारी सूचना, दिली? उपसूचना हे प्रकरण तर बारकाईनेच बघा, कारण कार्यपत्रिकेवर नसलेली गोष्ट ऐनवेळी आत शिरते ती बहुतेकदा याच दारातून. आणि सभा तहकूब करायच्या सूचनेवर त्याने कुठे हात वर केला? श्रद्धांजली वाहून तहकूब, गणसंख्या नाही म्हणून तहकूब, असं होत होत महिनोन्महिने विषय लोंबकळत राहतात.

इथेच महापौराचा खरा अधिकार आहे, आणि तो लहान नाही. सभा चालवणं त्याच्या हातात असतं. प्रश्नोत्तरांना वेळ द्यायचा की नाही, आयुक्तांना उभं राहून खुलासा करायला लावायचं की नाही, विरोधकाला बोलू द्यायचं की नाही, हे त्या खुर्चीवरून ठरतं. मला कुणी महापौरपदासाठी इच्छुक असल्याचं सांगितलं तर मी एवढंच मागेन: सभा वेळेवर भरवा, तहकुबी टाळा, आणि आयुक्तांकडून दर तीन महिन्यांनी तरतूद आणि खर्चाचा तक्ता सभागृहात मागून घ्या. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

सभागृह नसलं की काय होतं, ते आपण नुकतंच भोगलं. मुंबई आणि पुण्याच्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचे घोळ यात निवडणुका रखडल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर हालचाल झाली. जवळजवळ चार वर्षं अंदाजपत्रक प्रशासकाने, म्हणजे प्रशासक म्हणून नेमलेल्या आयुक्तानेच मांडलं आणि प्रशासकानेच मंजूर केलं. पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं हद्दीत घेतली गेली. तिथे टँकरवर दिवस काढणाऱ्यांनी गाऱ्हाणं सांगायचं कुणाला? अधिकारी बदलून जातात. नगरसेवक निदान त्याच रस्त्याने घरी जातो.

"मग महापौर थेट जनतेतून का नाही?" हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. नगरपालिकांत तो प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. नगराध्यक्ष २००१ मध्ये थेट निवडले, पुढे ते बंद झालं, २०१६ मध्ये परत आलं, २०२० मध्ये रद्द झालं, २०२२ मध्ये पुन्हा आणलं. ज्या सरकारला जे सोयीचं, तसा कायदा वळत गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. थेट निवडीत अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं अशी ओढाताण होते हेही खरं. मला विचाराल तर नुसती थेट निवड पुरेशी नाही, अधिकारही द्या. कोलकात्यात १९८० च्या दशकापासून महापौर आणि त्याचं मंडळ कारभार करतं. मध्य प्रदेशात महापौर लोकांतून निवडून येतो आणि त्याच्याबरोबर महापौर परिषद असते. आपल्याकडेही १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषद आणली होती, ती वर्षभरातच गुंडाळली. अधिकाराशिवाय थेट निवडलेला महापौर म्हणजे लाखो मतं घेऊन नुसतं सभेचं अध्यक्षपद करणारा माणूस. त्याची आणि मतदारांची, दोघांचीही ती फसवणूक ठरेल.

तोवर तुमच्या हातात प्रभागातलं मत आहे. चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येकाला चार मतं असतात, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी, आणि चारही मतं एकाच पक्षाला द्यायची सक्ती नाही. प्रत्येक जागेवरचा माणूस वेगळा तपासता येतो. मतदानानंतर पाच वर्षं वाट बघायचीही गरज नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घेतली जातात, ती अंदाजपत्रकात घेण्यासाठी. त्याची मुदत वर्तमानपत्रात येते, क्षेत्रीय कार्यालयात चौकशी केली तरी कळते. यंदा तुमच्या गल्लीतून एकच काम सुचवा, आणि मार्च उलटल्यावर ते अंदाजपत्रकाच्या कुठल्या पानावर आलं आणि त्याच्यापुढे किती रुपये लिहिलेत हे आपल्या नगरसेवकाला विचारा. पुस्तक वाचायला बसायचं असेल तर मला हाक मारा, मी येते.