दहावीचं विज्ञान जोडून शिकवताना

दहावीला 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग 1 आणि भाग 2, पेपर प्रत्येकी 40 गुणांचा. बहुतेक शाळांत भाग 1 फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांकडे आणि भाग 2 बायोलॉजीवाल्यांकडे. वर्षानुवर्षं ही वाटणी सांभाळलेल्या शिक्षकांना एकात्मिक अध्यापनाकडे वळवताना मी व्याख्यान देत नाही. माना डोलतात, तासाला जुनीच टाचणवही उघडते.

सुरुवात वेळापत्रकापासून. भाग 2 मध्ये किण्वन (यीस्ट साखरेपासून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतं ती क्रिया) दुसऱ्याच धड्यात येतं, इथेनॉल मात्र भाग 1 च्या नवव्या धड्यात. हे जुळवायचं तर दोघा शिक्षकांना आठवड्यात एक तास एकाच वेळी मोकळा लागतो. तो जूनमध्येच मुख्याध्यापकांकडून ठरवून घ्यावा. नंतर त्यावर बदलीचा तास लागतोच.

मग जोडीने एक प्रयोग. अर्धा लिटरच्या बाटलीत 250 मिली कोमट पाणी (40 अंशांच्या आसपास), 10 ग्रॅम साखर, 7 ग्रॅम सुकं यीस्ट. तोंडावर फुगा. पाणी कढत घेतलं तर यीस्ट मरतं. बाटली काठोकाठ भरली तर फेस फुग्यात चढतो. नवा फुगा ताठ असतो, आधी दोनतीनदा तोंडाने फुगवून सैल करावा. समीकरण बायोलॉजीवाल्यांनी मांडायचं, यीस्ट केमिस्ट्रीवाल्यांनी समजवायचं.

खरी गंमत वजनात आहे. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर आधी आणि नंतर वजन घ्या. फुगा अर्धा लिटर फुगला की काटा साधारण अर्धा ग्रॅम कमी दाखवतो. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम शिकवत आलेले सर इथे थबकतात. पहिला संशय गळतीवर. जोडावर साबणाचा फेस लावून तो फेडावा. गळती नसेल, तर फुग्याने अर्धा लिटर हवा बाजूला सारली आहे आणि तेवढ्या हवेचं वजन सुमारे 0.6 ग्रॅम. म्हणजे प्लावक बल, हवेने फुग्याला वर ढकललं! एका बाटलीत तिन्ही विषय, आणि कोणाचंच एकट्याचं ज्ञान पुरत नाही. अनुभवी शिक्षकाला अडवतो तो धडा नव्हे, वर्गासमोर अडण्याची धास्ती. ती इथे, सहकाऱ्यासमोर, आधीच मोडते.

अदलाबदलीचा, म्हणजे एकाने दुसऱ्याचा धडा शिकवायचा, पहिला तास नववीत घ्यावा, दहावीत नको. दुसऱ्याने शेवटच्या बाकावर बसायचं आणि चूक दिसली तरी तास संपेपर्यंत बोलायचं नाही. हे सर्वात अवघड जातं.